थोरली, धाकटी आणि चिरंजीवांचं ‘बघू’

४ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर काढायचंच नाही!

जन्मात असलं गणित ऐकलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, तीही रडतखडत. पण एवढं मला ठाऊक आहे की गणिताला उत्तर असतं आणि ते चुकलं की हातावर छडी बसते. आणि ही आमची भुंगी — माझी नात, अभ्यास करताना सारखी गुणगुणते म्हणून भुंगी — मला म्हणते, "आजी, उत्तर नाही काढायचं. उत्तर काढता येईल एवढी माहिती दिलीय का, तेवढंच सांगायचं!"

म्हणजे कसं, तर समज एक पिशवी. पिशवीत लाल चेंडू आणि निळे चेंडू. लाल किती? मग खाली दोन माहित्या देतात. एक — लाल हे निळ्यांच्या दुप्पट आहेत. दोन — सगळे मिळून तिसापेक्षा कमी आहेत. एवढ्यावर लाल किती ते कळतं का?

मी म्हटलं, "त्यात काय, पिशवी उघडून बघायची."

"उघडायची नाही."

"का? कुणाची आहे?"

"आजी!"

शेवटी निघालं असं की नाही कळत. दोन्ही माहित्या घेतल्या तरी नाही कळत. आणि ‘नाही कळत’ हेच बरोबर उत्तर, त्यालाच पूर्ण गुण! अगं बाई, हे मला शाळेत सांगितलं असतं तर मी पहिली आले असते. ‘नाही कळत’ तर मी रोजच म्हणायची.

ही परीक्षा धंद्याच्या शाळेची आहे. मोठमोठ्या कंपन्या कशा चालवायच्या ते तिथे शिकवतात. भुंगीची ही दुसरी खेप. मागच्या खेपेला शेवटचे प्रश्न तसेच राहिले, कारण बाईसाहेब एकेक चेंडू मोजत बसल्या आणि वेळ संपली. म्हणून आता संध्याकाळी दुकानातून आली की ती मला प्रश्न आपल्या भाषेत सांगते. म्हणते, तुला समजावताना मलाच समजतं. मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना नंबरच्या चिंध्या टाचत ऐकते. आमची लाँड्री आहे ना — घरात आमच्यापेक्षा परक्यांचे शर्ट जास्त.

५ फेब्रुवारी, बुधवार

लाल चेंडू किती होते ते कुणालाच माहीत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यालाही नाही! सकाळपासून जिवाला चैन नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मी गणितात सुधारणा केली!

प्रश्न कुठलाही असो, उत्तरं ठरलेली पाचच. अ, ब, क, ड, ई. आणि भुंगीचा घोळ असा की डोक्यात बरोबर येतं आणि हात भलत्याच अक्षरावर पडतो. मी म्हटलं, अक्षरं कुणाच्या लक्षात राहतात? माणसं लक्षात राहतात. दोन माहित्या म्हणजे दोन जावा समज. वरची थोरली, खालची धाकटी. अंगावर आलाय पन्नास माणसांचा स्वयंपाक.

थोरली एकटी उरकते, धाकटीची नुसती लुडबुड — हे झालं अ. धाकटी एकटी उरकते, थोरली पाय दुखतात म्हणून बसलेली — ब. एकीच्याने होत नाही, पण दोघींनी पदर खोचला तर होतं — क. दोघी इतक्या खमक्या की कुठलीही एक उभी करा, काम फत्ते — ड. आणि ई म्हणजे दोघी मिळून आल्या तरी चूलसुद्धा पेटत नाही, बाहेरून मागवा!

भुंगी हसून हसून धुतलेल्या चादरींच्या ढिगात पडली. चादरी परत इस्त्रीला गेल्या.

मग लगेच एक सोडवलं. बाप-लेकाच्या वयाची बेरीज पन्नास, लेक किती वर्षांचा? थोरली म्हणते, बापाचं वय लेकाच्या चौपट. मी बोटांवर केलं — लेक दहा, बाप चाळीस. म्हटलं, थोरली एकटी पुरे! अ!

"आणि धाकटीला विचारलंस?"

धाकटी म्हणत होती, बाप तीस वर्षांनी मोठा. बघते तर तिचंही तेच निघालं, दहा आणि चाळीस! म्हणजे दोघीही खमक्या. ड.

भुंगी म्हणाली, "हीच चूक सगळे करतात, आजी. एकीवर खूश होतात आणि दुसरीला विचारतच नाहीत."

आता बोला! मी स्वतः अख्खा जन्म धाकटी जाऊ म्हणून काढला. मला कुणी विचारलं नाही ते नाहीच, वर आज मीही धाकटीला विचारलं नाही. असंच असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हो-नाहीचे प्रश्न. ‘क्ष ही संख्या सम आहे का?’ हा क्ष कोण ते विचारायचं नाही. (मी विचारलं होतं.)

गंमत काय, माहितीवरून ‘हो’ निघालं तर माहिती पुरेशी. पण चक्क ‘नाही’ निघालं तरी पुरेशी! नाही हेसुद्धा उत्तरच. अपुरी कधी? तर कधी हो निघतं, कधी नाही निघतं, असं झालं की.

मी टाचणी खाली ठेवली. म्हटलं, "म्हणजे तुझ्या बापाचं ‘बघू’!"

भुंगी हसली, पण तोंडापुरतीच.

भुंगीचा बाप म्हणजे आमचे चिरंजीव. लाँड्री तेच चालवतात. माणूस सोन्यासारखा. पण पोरीने विचारलं, ‘नंबर लागला तर जाऊ ना मी? परगावी राहावं लागेल, दोन वर्षं’, की म्हणणार — बघू. मागच्या वर्षीही बघू. लहानपणापासून हेच. आंघोळ करतोस का? बघू. मुलगी पसंत आहे का? बघू. ती बिचारी आमची सूनबाई बशीत चमचा धरून तशीच बसलेली! शेवटी तिनेच सांगितलं, ‘मला पसंत आहेत’, म्हणून हा संसार उभा राहिला.

सरळ नाही म्हणाला असता तर पोरीने भांडून घेतलं असतं. बघूशी भांडता येत नाही. आणि बापाच्या तोंडून हो आल्याशिवाय ही पोरगी पाऊल उचलायची नाही, एवढी मी तिला ओळखते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हसू आवरेना म्हणून लगेच लिहायला बसले.

प्रश्न असा — क्ष किती? थोरली म्हणते, क्षला क्षनेच गुणलं की नऊ येतात. धाकटी म्हणते, क्ष शून्याहून मोठा आहे. मी छाती पुढे काढली. तीन त्रिक नऊ! चौथी पास आहे मी! थोरली एकटी पुरे. आणि धाकटीचं काय ते बोलणं — म्हणे शून्याहून मोठा. असणारच! नाहीतर तो आहे तरी कशाला?

तेवढ्यात बंद बाथरूममधून आवाज आला, "दोघी मिळून! उणे तीनही असतो!"

आम्ही दोघी गार. आत नळ बंद झाला.

भुंगी म्हणाली, "बाबा?"

आत बादली सरकली. मग आतून — "साबण संपलाय."

म्हणजे चिरंजीव रोज ऐकतात! दाराआड बसून गणितं सोडवतात! आणि बाहेर येताना तोंड असं की जसं काही झालंच नाही. साबणाची अख्खी वडी होती, मी बघून आले.

उणे तीन मात्र मला अजून पटलेलं नाही. भुंगीने सांगितलं, समज गिऱ्हाइकाचे तीन शर्ट आपण हरवले, ते उणे तीन. म्हटलं, मग हरवलेल्या शर्टांना हरवलेल्या शर्टांनी गुणलं की नऊ शर्ट परत येतात? पुस्तकात येत असतील. आमच्या दुकानात तर गिऱ्हाईक येतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांकडे गेले होते. म्हणाले, "आजी, गोड कमी करा." मी म्हटलं, किती कमी? आधी मी किती खाते ते तुम्ही विचारलंच नाहीत. माहिती अपुरी आहे! ते म्हणाले, किती खाता? म्हटलं, ते नाही सांगायची.

येताना शेजारची चष्मेवाली भेटली. नाकावर चष्मा आणि तोंडी मुलगा, असं तिचं रूप. "आमचा बंडू तिकडे फार मोठ्या हुद्द्यावर आहे हो! टाय लावतो, आणि कामावर जायला कंपनीची गाडी येते." मला काय दुर्बुद्धी सुचली! म्हटलं, थोरली टाय, धाकटी गाडी, दोघी मिळूनही हुद्दा कळत नाही. हॉटेलातल्या वाढप्यालाही टाय असतो, आणि रात्रपाळी असली की गाडी सोडते.

बोलायची बंद झाली ती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाली बोलायला लागली. साखर संपली होती तिची.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जेवताना झालं ते काही बरं झालं नाही.

भुंगीने ताटावरून नजर न उचलता विचारलं, "बाबा, शनिवारी परीक्षा आहे. नंबर लागला तर जाऊ का?"

"बघू."

"बघू नको, बाबा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तरी चालेल."

चिरंजीवांनी घास खाली ठेवला. "काउंटरवर कोण बसणार? माझा गुडघा हा असा. आत मशीनकडे बघू की बाहेर गिऱ्हाइकाकडे? मागे माणूस ठेवला होता, त्याने आठवड्याभरात अर्ध्या गल्लीच्या चादरी उरलेल्या अर्ध्या गल्लीला वाटून टाकल्या!"

ते खरं आहे. एका नव्या जोडप्याच्या घरी कुणा म्हाताऱ्याची लोकरीची बंडी गेली होती. किती समज-गैरसमज!

सूनबाई नुकतीच दवाखान्यातून आली होती. नर्स आहे ती, दिवसभर उभी असते. म्हणाली, "तुमच्या गुडघ्यापायी पोरीने जन्मभर पावत्या फाडायच्या का?"

"मी नाही म्हटलंय का?"

"हो तरी कुठे म्हटलंय!" — हे आम्ही तिघी एकदम बोललो.

तो ताट घेऊन खाली दुकानात निघून गेला. भुंगी रडली नाही. गुणगुणलीही नाही. तेच मला टोचलं.

मी मागून खाली गेले. दिवा न लावता बसला होता, कुणाच्या तरी शर्टाची कॉलर सारखी करत. म्हटलं, काय रे, ती नापास झाली तर?

"तर वाईट वाटेल."

"आणि पास झाली तर?"

"तर जास्त वाटेल."

घ्या! असल्या माणसाला अ ते ई कुठे बसवायचं?

मग म्हणाला, "पण रडलेली नाही बघवणार मला, आई. ती रडली तर मी काय वाट्टेल त्याला हो म्हणेन."

वर येऊन भुंगीला आणि सूनबाईला शब्दन् शब्द सांगितला. पोटात ठेवायची मला सवय नाही. सूनबाई भुंगीकडे बघत राहिली. भुंगीने पेन्सिल गालाला टेकवली आणि म्हणाली, "असं होय."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा संगणकावर आहे. एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही म्हणे. त्यामुळे रेंगाळायचं नाही. भुंगीची तीच खोड मोडायची म्हणून मी आता चिंध्या टाचता टाचता ओरडते — "पुरे! कळतंय ना? मग चल पुढे!"

माझ्या तोंडी ‘पुरे’! वाढताना माझ्या हातून ‘पुरे’ म्हणून आजवर एकही माणूस सुटलेला नाही. सूनबाई म्हणाली, हे जेवणालाही लागू करा. म्हटलं, ते वेगळं गणित.

भुंगी सुधारली. आज एकाही प्रश्नाचं उत्तर काढत बसली नाही. तिने सोडलेली उत्तरं मी नंतर काढते, बोटांवर, गुपचूप. कुणीतरी काढायला नकोत का?

१ मार्च, शनिवार

सकाळी गेली. पांढरा शर्ट. चिरंजीवांनी स्वतः इस्त्री केली, आणि कॉलर पुन्हा एकदा केली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत दुकानाच्या दारात उभा होता, गिऱ्हाईक आत खोळंबलेलं.

संध्याकाळी सूनबाई कामावरून परतताना तिला घेऊन आली. भुंगी आली ती सरळ खोलीत. दार लावलं. हाक मारली तर "नको आजी, पडते जरा." ताट वाढून ठेवलं, तेही "नको". माझ्या हातचं नको! बाहीवर भलामोठा काळपट डाग. शाई असणार. बिचारीने किती जिवाच्या आकांताने लिहिलं असेल!

सूनबाईला विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "तिलाच विचारा", आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी होती.

थोरली — दार लावलं. धाकटी — जेवली नाही. दोघी मिळून पुरेच की! नापास. माझी भुंगी नापास.

खाली जाऊन चिरंजीवांना सांगितलं. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हटलं, रडतेय रे पोरगी. (रडताना काही ऐकलं नव्हतं. पण दार लावून दुसरं काय करणार?)

२ मार्च, रविवार

कुठून सुरुवात करू!

चिरंजीवांची कालची संध्याकाळही तगमगीत गेली, रात्रही गेली. सकाळी गुडघा धरत जिना चढले आणि भुंगीच्या दाराशी उभे राहिले. मी आणि सूनबाई मागे. खिडकीपलीकडे चष्मेवाली कपडे वाळत घालत होती. तेच तेच फडकं चारदा घातलं तिने.

"भुंगे," तो दाराला म्हणाला, "रडू नकोस. एक परीक्षा गेली म्हणून काय झालं? परत दे. हव्या तेवढ्या वेळा दे. आणि नंबर लागला की जा तू. मी सांगतो, जा. दुकानाचं बघेन मी."

त्याने दारावर थाप मारली.

"हो म्हणतोय मी. ऐकलंस का? हो!"

दार उघडलं. भुंगी उभी. डोळे कोरडे ठणठणीत, केस विंचरलेले. हातात फोन. गुण म्हणे तिथल्या तिथे पडद्यावर दिसतात! मला वाटत होतं निकाल महिन्याभराने लागतो, आमच्या वेळी लागायचा तसा. आणि गुण असे की तिला हवी ती शाळा मुलाखतीला बोलावणारच.

चिरंजीवांनी फोन जवळ नेला, लांब धरला. "मग दार का लावलं होतंस?"

"झोपले होते, बाबा."

"जेवली का नाहीस?"

"भूक नव्हती."

मग तो हळूच माझ्याकडे वळला. "आई, तू तर म्हणालीस—"

मी पंख्याकडे बघितलं. म्हटलं, "माहिती अपुरी होती."

चिरंजीवांनी कपाळ चोळलं. "तसं असेल तर मग ब—"

"ब नाही आता!" सूनबाई कडाडली. "हो म्हणालात! सगळ्यांनी ऐकलंय!"

"मीही ऐकलं!" खिडकीतून चष्मेवाली.

तो मटकन पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता. भुंगी त्याच्या शेजारी बसली, डोकं त्याच्या खांद्यावर टाकून. आणि मग रडली. आता रडली!

१० मार्च, सोमवार

आजपासून काउंटरवर मी!

भुंगीला मुलाखतीचं बोलावणं आलंय, तिने तयारी करायची की पावत्या फाडायच्या? चिरंजीव म्हणाले, "आई, तुला जमेल?" म्हटलं, बघू. बोलायला मजा येते खरी.

एक गृहस्थ आले. म्हणाले, "माझा निळा कोट द्या."

"निळा एवढ्यावर कळत नाही. दुसरी माहिती द्या."

"चार बटणं आहेत."

"दोघी मिळूनही नाही पुरत. आत निळे कोट बरेच लटकताहेत, आणि बटणं कुणी मोजली?"

ते चिडले. खिशातून पावती काढून आपटली. "हा घ्या नंबर!"

"हे आधी नाही का सांगायचं? ही एकटी पुरे!"

आतून चिरंजीवांचं हसणं ऐकू आलं, मशीनच्या आवाजातूनसुद्धा. कोट बरोबर माणसाला गेला. संध्याकाळी भुंगीने सगळं तपासलं. एक मोजा जास्तीचा निघाला. तो कुणाचा, ते मात्र ई.

१२ मार्च, बुधवार

लाँड्रीवाल्याच्या घरचे कपडे सगळ्यात शेवटी धुतले जातात. आज कुठे भुंगीचा परीक्षेचा शर्ट हाती लागला. बाहीवरच्या डागावर पाणी टाकलं, तर पसरेना. शाई असती तर धावली असती. आणि अगं, परीक्षा तर संगणकावर, शाई आली कुठून! नाकाला लावून बघितलं. चॉकलेट. केकचं. कडेला लोण्याचा चिकटपणा.

गठ्ठ्यातून सूनबाईचा त्या दिवशीचा गणवेश ओढून काढला. खिशाशी तोच डाग.

दोघी मिळून!

पोट भरून आल्या आणि मला मोजून दोन माहित्या दिल्या. तिसरी बाहीवर घेऊन फिरत होती पोरगी, माझ्या डोळ्यांसमोर. ही धंदा शिकायला शाळेत कशाला चाललीय, तेच कळत नाही मला!

चिरंजीव मागे येऊन उभे राहिले. "आई, कसला गं डाग?"

म्हटलं, "बघू." आणि घासून काढला.